चूक क्रमांक एकवीस

उत्तर न दिलेलं पत्र कधी हरवत नाही, असा शंकरराव हिवाळे गुरुजींचा अनुभव होता. विजेचं बिल हरवतं, चष्म्याचं घर हरवतं, एकदा तर बाजारातून आणलेली मेथीची जुडी घरी येता येता हरवली होती. पण संघर्षचं पत्र तीन वर्षं घरात हिंडत होतं. शब्दकोश उघडला की त्यातून पडे, बंडीच्या खिशात सापडे, आणि मध्यंतरी तर त्यांच्या पत्नी बेबीताईंनी डाळीच्या डब्याखाली अंथरलेल्या कागदांत निघालं. प्रत्येक वेळी गुरुजी ते उघडून वाचत, 'आज लिहूच' असं म्हणत आणि पुन्हा कुठेतरी जपून ठेवत.

पत्र लहान होतं. संघर्ष त्यांचा जुना विद्यार्थी, दोन घरं सोडून राहणाऱ्या सोजराबाईंचा एकुलता मुलगा. तो मुंबईला सिनेमात काम करायला गेला होता. सिनेमात म्हणजे सिनेमातल्या गर्दीत. 'बुरुजाची आण' हा ऐतिहासिक सिनेमा आला तेव्हा गुरुजींनी वर्तमानपत्राला सणसणीत पत्र पाठवून त्यातल्या चुका दाखवल्या होत्या. नायक सरदार हैबतरावांच्या काळात सूर्यफुलाची शेतं कुठली, पंगतीत टोमॅटो कुठून आले, आणि गडावरच्या लढाईत उजवीकडून धावत येणाऱ्या मावळ्याच्या मनगटावर घड्याळ काय करतंय. ते छापून आलं, आणि पुढे सिनेमा टीव्हीवरही येऊन गेल्यावर संघर्षचं पत्र आलं.

'गुरुजी, तो घड्याळवाला मीच. जेवणाची सुट्टी मधेच मोडून पळा म्हणाले, काढायचं राहून गेलं. इथं कोणाच्याच लक्षात आलं नाही. आईनं टीव्हीवर दोनदा पाहिला, तिला मी सापडलो नाही. तुम्हाला दिसलो, बरं वाटलं. पण गुरुजी, तुम्ही सगळ्या चुका लिहिल्या, सिनेमा आवडला का ते लिहिलंच नाही.'

घोडं पेंड खात होतं ते इथे.

सिनेमा आवडला होता, हीच तर अडचण होती. गुरुजींनी तो चार वेळा पाहिला होता. पहिल्यांदा कर्तव्य म्हणून. दुसऱ्यांदा, पहिल्या वेळी टिपलेल्या चुका बरोबर टिपल्या की नाही हे तपासायला. तिसऱ्या आणि चौथ्या वेळेसाठी कारण सापडेना, म्हणून 'चिखलीला डोळ्यांच्या डॉक्टरकडे जाऊन येतो' असं घरी सांगून ते एसटीत बसले. शेवटी हैबतराव पांढऱ्या घोड्यासह कड्यावरून उडी घेतात, तिथे गुरुजी दोन्ही वेळा रडले, आणि लाल डोळ्यांनी घरी आल्यामुळे डॉक्टरची गोष्ट आपोआप खरी ठरली. बेबीताईंनी दोन्ही वेळा काही न विचारता डोळ्यांवर ठेवायला काकडीच्या चकत्या दिल्या. त्यांना काय कळलं होतं आणि काय नव्हतं, हे लग्नाला इतकी वर्षं होऊनही गुरुजींना सांगता आलं नसतं.

आता हे लिहायचं कसं? साखरखेर्डा म्हणजे ज्याच्या शिवारात खुद्द निजामानं लढाई जिंकली ते गाव. तिथल्या पोरांना गुरुजींनी जन्मभर इतिहास शिकवला, तोही एका प्रश्नाच्या बळावर: पुरावा काय? पोरगं म्हणालं काल ताप होता, तर गुरुजी विचारत, पुरावा काय. त्यामुळे गावात बाप आणि मुलगा दोघंही त्यांना मागून 'पुरावा गुरुजी' म्हणत. असा माणूस सूर्यफुलांतून पळणाऱ्या घोड्यासाठी रडला, हे स्वहस्ताक्षरात कागदावर आलं की पुरावाच झाला. 'आवडला' लिहावं तर वर्तमानपत्रातलं पत्र खोटं, 'नाही आवडला' लिहावं तर हे पत्र खोटं. या कात्रीत तीन वर्षं गेली. सोजराबाई रोज सकाळी शेतात जाताना कुंपणापाशी थांबून विचारत, संघर्षले काय लिवलं गुरुजी? गुरुजी म्हणत, लिहितोय. तीन वर्षं चाललेलं पत्र केवढं मोठं असेल, या विचारानं सोजराबाईंचा त्यांच्याबद्दलचा आदर वाढत चालला होता, आणि तो गुरुजींना फार जड जात होता.

यातून सुटायला म्हणून त्यांनी जे काढलं ते अगदी लहानसं काम होतं. वाचनालयात दरवर्षी एक व्याख्यान होई. मागच्या वर्षीच्या व्याख्यानाला अकरा माणसं होती, त्यांतला एक माईकवाला आणि दोघं बाहेर ऊन फार म्हणून आत आलेले. यंदा आपणच 'ऐतिहासिक चित्रपटांतील चुका' या विषयावर बोलावं, मासल्यादाखल 'बुरुजाची आण'मधले दोन प्रसंग दाखवावेत आणि शेवटी, कुणाचं फारसं लक्ष नसताना, 'तथापि चित्रपट एकंदरीत बरा आहे' असं एक वाक्य टाकून द्यावं. मग तेवढंच वाक्य संघर्षला कळवता येईल. जाहीरपणे बोललेलं कळवायला लाज कसली?

पडदा आणि यंत्र हवं म्हणून ते वहाबभाईंकडे गेले. वहाबभाई मंडप-डेकोरेशनवाले, गुरुजींचे पहिलीपासूनचे सोबती. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि मान हलवली. "गुरुजी, दोन तुकडे दाखवून मधीच बंद करसान तं लोकं खुर्च्या मोडतीन. अन् खुर्च्या माह्या हायेत. दाखवाचा तं पुरा दाखवा."

पूर्ण सिनेमा म्हटल्यावर वाचनालयाची खोली पुरेना, म्हणून शाळेचं मैदान ठरलं. मैदान म्हटल्यावर ग्रामपंचायतीचा ठराव आला, आणि ठराव म्हटल्यावर सरपंच आले. सरपंचांनी उदार मनानं अट घातली नाही, फक्त आपल्या हस्ते उद्घाटन होईल असं गृहीत धरलं. निवृत्त तलाठ्यांनी अध्यक्षपद आपण होऊन स्वीकारलं. बेबीताईंच्या बचत गटानं पापड-कुरडयांचा स्टॉल मागितला, आणि तो नाकारण्याची गुरुजींची घरात पत नव्हती. शेजारी येऊन सल्ले देऊन जात. कोणी म्हणे, चुका आधी सांगा म्हणजे सिनेमा निवांत पाहता येईल. कोणी म्हणे, नंतर सांगा म्हणजे ज्यांना जायचंय त्यांना जाता येईल. प्रत्येक सल्ल्याला गुरुजी 'तेही खरं आहे' म्हणत, कारण त्यांना प्रत्येक वेळी ते खरोखरच खरं वाटे.

भोंग्याच्या परवानगीसाठी पोलीस ठाण्यात जावं लागलं. जमादार सज्जन होते. त्यांनी सहज म्हणून विचारलं, सिनेमात आक्षेपार्ह काही नाही ना? दुसरा कोणी असता तर 'नाही' म्हणून चहा पिऊन परत आला असता. गुरुजी म्हणाले, "आहे. सदतीस ठिकाणी." आणि पुरावा म्हणून सदतीस चुकांची यादी त्यांनी अर्जाला जोडली.

जमादारांनी यादी वाचली, टोपी काढली, पुन्हा वाचली. नोकरीत त्यांनी सिनेमा बंद पाडणारे पाहिले होते, दाखवणारे पाहिले होते. पण दाखवणारा आणि आक्षेप घेणारा एकाच अर्जात प्रथमच आला होता. शेवटी त्यांनी गुरुजींकडून लिहून घेतलं की, सदर चित्रपटाने अर्जदाराच्या भावना दुखावल्यास अर्जदार स्वतःविरुद्ध शांतता राखील. शिवाय निर्मात्याचं परवानगीपत्र आणायला सांगितलं.

सिनेमाच्या धंद्यातला गुरुजींच्या ओळखीचा माणूस एकच, आणि त्याला तोंड दाखवायची सोय नव्हती. म्हणून त्यांनी पत्ता शोधून थेट निर्मात्यालाच लिहिलं, आणि प्रामाणिकपणा नडतो तो नडलाच: यादी तिथेही जोडली. आठवड्यात उत्तर आलं. आनंदानं दाखवा, यादी वाचून पुष्कळ शिकलो, टोमॅटोबद्दल क्षमा असावी. गुरुजी ते पत्र हातात घेऊन कितीतरी वेळ बसून राहिले. ज्यांच्या आपण सदतीस चुका काढल्या ते आठवड्यात उत्तर देतात.

त्यात फ्लेक्स लागला. बसस्टँडसमोर, दुरून दिसेल असा. वर सरपंच हात जोडून, मधे तलाठी काळ्या चष्म्यात, त्यांच्या खांद्याशी तळहाताएवढे सरदार हैबतराव, आणि सगळ्यांत खाली ठळक अक्षरं: 'ऐतिहासिक चुका. सादरकर्ते: शंकरराव हिवाळे'. गुरुजींनी तो एकदाच पाहिला. त्यानंतर कार्यक्रमापर्यंत ते बाजारात मागच्या गल्लीनं जात.

खरी काळजी निराळीच होती, आणि ती त्यांनी कोणालाच सांगितली नव्हती. सोजराबाई कुंपणाशी थांबून म्हणाल्या होत्या, "मी पुढंच बसतो, गुरुजी. टीव्हीत डोकं एवढं एवढं दिसते. मोठ्या पडद्यावर तरी माहा पोरगा सापडन."

चूक क्रमांक एकवीस म्हणजे सोजराबाईंचा पोरगा. चारचौघांत सिनेमा थांबवून, छडी लावून, 'पाहा, हा मूर्खपणा' असं म्हणायचं आणि पुढच्याच रांगेत त्याची आई. गुरुजींनी त्या रात्री यादीतून एकवीस नंबर खोडला. सिनेमा न थांबता गेला तर तो धावतो क्षणभर. सोजराबाईंना काही तो दिसायचा नाही. मग गुरुजींच्या ध्यानात आलं, की म्हणजे तो बाईंना दिसायचाच नाही. त्यांनी एकवीस नंबर पुन्हा लिहिला. मग पुन्हा खोडला. कार्यक्रमाच्या दिवशी त्या जागी कागदाला भोक होतं.

सिनेमा सात वाजता होता. सातला उद्घाटन सुरू झालं. प्रतिमांना हार, दीप, प्रास्ताविक, मग सत्कार. ज्यांनी सत्कार केले त्यांचे पुढे सत्कार झाले. गुरुजींना शाल, नारळ आणि भेट म्हणून भिंतीवरचं एक मोठं घड्याळ मिळालं. ते ठेवायला टेबल नव्हतं, कारण टेबलावर वहाबभाईंचा लॅपटॉप होता, म्हणून ते मांडीवर घेऊन गुरुजी पुढच्या रांगेच्या कडेला बसले. एका हातात घड्याळ, एका हातात सिनेमा थांबवायचं बटण, गळ्यात शाल. अध्यक्षीय भाषणात तलाठ्यांनी सातबाऱ्याचा इतिहास सांगितला. सिनेमा लागला तेव्हा पापडांचा स्टॉल रिकामा झाला होता.

सूर्यफुलं आली. गुरुजींनी थांबवलं आणि हे फूल आपल्याकडे केव्हा आलं ते सांगितलं. लोकांनी कौतुकानं ऐकलं. टोमॅटो आले, पुन्हा थांबवलं. मागून कोणीतरी म्हणालं, जेवू द्या ना त्याइले. मग हैबतरावांचा पांढरा घोडा नदीत शिरून पलीकडे तांबडा होऊन निघाला. गुरुजी उठायच्या आत सगळं मैदान एका सुरात म्हणालं, दिसलं गुरुजी, पळू द्या.

आणि गंमत अशी की, त्यांनी पळू दिलं. चौथी चूक केव्हा गेली ते त्यांना कळलं नाही. पाचवी गेली ती कळली, पण तेव्हा हैबतरावांची आई त्यांना ओवाळत होती आणि अशा वेळी मधे बोलणं बरं दिसलं नसतं. सातवी, नववी, बारावी गेली. गुरुजींचं तोंड किंचित उघडं होतं. बायकांच्या बाजूनं बेबीताई त्यांच्याकडे पाहत होत्या आणि पदरात हसत होत्या.

मग गडावरची लढाई लागली. गुरुजी भानावर आले. धूर, ढाली, आरोळ्या. पुढे बसलेल्या सोजराबाई खुर्चीच्या टोकाला आल्या होत्या, मान इकडे तिकडे फिरवत शेजारणीला विचारत होत्या, "हा का? हा नाही. मंग तो का वं?" त्यांना फार घाई करावी लागत होती, कारण मावळे फार वेगानं धावत होते. उजवीकडून धुरातून पाच-सहा जण निघाले. गुरुजींचा अंगठा बटणावर होता. चुकांचा कागद कुठे आहे, हे त्यांना आठवेना. त्यांनी बटण दाबलं.

 पडद्यावर एक पोरगा, तोंड उघडं, ढाल अर्धी वर, पाय हवेत. मनगटावर घड्याळ चमचम करत होतं.

"काय चुकलं बे आता?" असं मागून कोणी म्हटलं. गुरुजी उभे राहिले. पण बोलायची गरजच पडली नाही. सोजराबाई उठून पडद्यापाशी गेल्या. त्यांची सावली अर्ध्या गडावर पडली. त्यांनी घड्याळाजवळ बोट नेलं, मग चेहऱ्याजवळ.

"हा तं माहा संघर्ष हाय. हे घड्याळ त्याच्या मामानं देल्लं होतं."

सगळी गर्दी पुढे लोटली. फोन निघाले. संघर्षला ओळखणारे सगळेच होते. त्याचं घड्याळ ओळखणारेही क्षणात डझनभर निघाले. सरपंचांनी पडद्याशेजारी उभं राहून फोटो काढून घेतला. माईक अजून चालू होता. वहाबभाईंनी तो गुरुजींच्या तोंडाशी धरून विचारलं, "गुरुजी, हे बी चूक लिवलेली हाय काय तुमची?"

"लिहिलेली होती," गुरुजी म्हणाले. "मी मागे घेतो."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. आयुष्यात गुरुजींना मिळालेल्या या पहिल्याच टाळ्या होत्या ज्या भाषण संपल्याबद्दल नव्हत्या. पण या सगळ्यात सिनेमा इतका वेळ थांबून राहिला, की लॅपटॉपचा समज झाला, आता कोणी पाहत नाही. बटण दाबल्यावर संघर्ष अदृश्य झाला आणि निळ्या पडद्यावर एक पांढरं चक्र फिरू लागलं. अपडेट चालू आहे, बंद करू नका. वहाबभाईंनी लॅपटॉप उचलून पाहिला, फुंकर मारली, परत ठेवला. चक्र फिरतच राहिलं.

लोक बसून होते. हैबतराव गडावर अडकले होते, खाली शत्रू होता, आणि शेवट काय होतो ते पाहिल्याशिवाय गाव उठायला तयार नव्हतं. खुर्च्यांकडे पाहत वहाबभाई अस्वस्थ झाले. म्हणाले, "गुरुजी, तुमीच सांगा मंग. तुमाले तं माहीत हाय."

"मला कसं माहीत असणार," गुरुजी घाईनं म्हणाले. "मी एकदाच..."

"सांगा आता," बायकांच्या बाजूनं बेबीताई म्हणाल्या. त्यांचा आवाज मोठा नव्हता, पण त्या बोलल्या की ऐकू येई. "समदं पाठ हाय तुमाले. झोपीत म्हनता."

गुरुजींच्या कानांच्या पाळ्या तापल्या. घड्याळ वहाबभाईंच्या हाती देऊन ते माईकपाशी गेले आणि मान खाली घालून, जे खरं होतं ते सांगू लागले. बखरीत दोनच ओळी आहेत. त्यानुसार सरदार हैबतराव त्या पावसाळ्यात हगवणीनं वारले.

मैदानातून एक दुखावलेला सुस्कारा उठला. सरपंच हात जोडून म्हणाले, "गुरुजी, लोकं जेवून आलेले हायेत. सिनेमात कसे मेले ते सांगा."

मग गुरुजींनी सिनेमात कसे मेले ते सांगितलं. सुरुवात अगदी हळू झाली. पण हैबतराव बुरुजावर उभे राहून 'बुरुज पडला तरी चालेल, आण पडू देणार नाही' म्हणतात, तिथे गुरुजींचा आवाज कुठून तरी वर आला, आणि त्यांना स्वतःलाच तो ओळखू आला नाही. टापांचा आवाज त्यांनी टेबलावर हातानं काढला. शाल गळ्यातून सुटली ती त्यांनी लगामासारखी धरली. आणि घोडा कड्याकडे निघाला असताना, का कोण जाणे, त्यांची नजर पुढच्या रांगेत सोजराबाईंवर गेली.

"गडाच्या दरवाज्यात एकच मावळा उरला होता," ते म्हणाले. "बायका-पोरं मागच्या वाटेनं उतरेपर्यंत त्यानं दरवाजा एकट्यानं धरला. त्याच्या मनगटावर काहीतरी चमकत होतं."

तलाठी उभे राहिले. "गुरुजी, म्या बी पाह्यलं हे पिक्चर. दरवाज्यातला मानूस त्याच्यात नाही. पुरावा काय?"

जन्मभर दुसऱ्याला विचारलेला प्रश्न असा भर मैदानात घरी परतला.  बखरीत नव्हता, सिनेमात नव्हता, कुठेच नव्हता तो मावळा. सदतीस चुका काढणाऱ्यानं अडतिसावी स्वतः केली होती, आणि तीही माईकवर.

"पुरावा म्या आत्ताच पाह्यला ना," सोजराबाई मागे न वळता म्हणाल्या. "बसा तुमी खाली. हां गुरुजी, मंग?"

दरवाज्यातल्या मावळ्याचं पुढे काय झालं याचा गुरुजींनी विचारच केला नव्हता, आणि त्याच्या आईसमोर तो करायची छाती नव्हती. त्यांनी घाईघाईनं घोड्याला कड्यावरून उडी मारायला लावली.  उडीच्या मध्यावर गुरुजींचा आवाज फुटला, आणि त्यांनी शालीनं डोळे पुसले ते सगळ्या गावानं पाहिलं. 'तथापि चित्रपट एकंदरीत बरा आहे' हे वाक्य राहून गेलं. ते कोणी विचारलंही नाही.

घरी आल्यावर बेबीताईंनी बशीत काकडीच्या चकत्या आणून ठेवल्या. म्हणाल्या, "उद्या चिखलीले जाचं काय, डोळ्याच्या डॉक्टरकडं?"

सकाळी गुरुजींनी कागद घेतला. 'प्रिय संघर्ष, सिनेमा फार आवडला.' मग 'फार' खोडलं. मग त्याच्यावर पुन्हा 'फार' लिहिलं. 'टोमॅटोबद्दल मी माघार घेणार नाही. घड्याळाबद्दल घेतली आहे. काल तुझ्या आईनं तुला पाहिलं. उत्तराला उशीर झाला.' सोजराबाई कुंपणाशी थांबल्या तेव्हा त्यांनी पाकीट उंच करून दाखवलं. तीन वर्षं चाललेलं पत्र इतकं पातळ पाहून सोजराबाई जरा चकित झाल्या.

पोस्टात ते बसस्टँडवरून, फ्लेक्सच्या समोरून गेले. काउंटरवरच्या पुष्पांजलीबाई काल मैदानावर होत्या. पाकिटावर शिक्का मारायचा थांबवून त्या खिडकीतून पुढे वाकल्या.

"गुरुजी, एक विचारू का? रातभर जीवाले लागून राह्यलं. तो दरवाज्यातला, घड्याळवाला. तो शेवटी वाचला का हो?"

गुरुजींनी चष्मा काढला, पुसला, लावला. बखर त्यांच्या डोळ्यांसमोरून गेली, सिनेमा गेला, सदतीस चुकांचा भोक पडलेला कागद गेला.

"वाचला," ते म्हणाले.

शिक्का बसला, आणि पाकीट बुलढाण्याच्या पिशवीत पडलं.